पीआरवाल्यांना पीआर मिळतो का? (ऑस्ट्रेलिया, कोड २२५३११)

मुळाकाठची

नमस्कार मंडळी. शीर्षकातला पहिला पीआर म्हणजे आमचा जनसंपर्काचा धंदा, दुसरा म्हणजे कायमचं वास्तव्य. आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्या विनोदावरच जातील.

मी पुण्यात. वय ३२, एप्रिलमध्ये ३३ पूर्ण होतील. बी.ए., मग मास कम्युनिकेशनमध्ये एम.ए. अनुभव आठ वर्षांचा: पाच वर्षं मुंबईत एजन्सीत, अकाउंट एक्झिक्युटिव्हपासून अकाउंट मॅनेजरपर्यंत, आणि नंतरची तीन एका औषध कंपनीत कॉर्पोरेट कम्युनिकेशनला. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३६, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तेरा वर्षं. मुलगी चार वर्षांची.

मागच्या आठवड्यात एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. "मॅडम, पब्लिक रिलेशन्स लिस्टवर आहे, १८९ ला फाईल टाकू, स्टेटची कटकटच नको," म्हणाला आणि लगेच अर्धी फी आगाऊ मागितली. मी रोज क्लायंटसाठी गोडगोड वाक्यं लिहिते, त्यामुळे दुसऱ्याचं गोड वाक्य ऐकलं की कान टवकारतात. पैसे दिलेले नाहीत. खरंच १८९ नंबरचा व्हिसा होतो का? आणि या धंद्यातलं कुणी स्वतः या रस्त्याने गेलंय का?

वेरिबीचा वाटाड्या

नाही होत. पैसे दिले नाहीत ते उत्तम.

"लिस्टवर आहे" हे त्याचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. याद्या एकापेक्षा जास्त आहेत. १८९, म्हणजे कुणाच्याही शिफारशीविना मिळणारा स्वतंत्र व्हिसा, फक्त मध्यम-दीर्घ मुदतीच्या यादीतल्या व्यवसायांना मिळतो. पब्लिक रिलेशन्स प्रोफेशनल, व्यवसायाचा कोड २२५३११, अल्प मुदतीच्या यादीत आहे. त्या यादीवरून १९० (राज्याने नामांकन दिलं तर) आणि ४९१ (प्रादेशिक, तोही राज्याच्या नामांकनाने) हे दोन दरवाजे उघडतात. १८९ चा दरवाजा तुमच्या कोडला नाहीच, व्हिसाच्या गुणपद्धतीत तुमचे गुण शंभर असले तरी.

त्यातही राज्यं दरवर्षी आपापले निकष आणि व्यवसायांच्या याद्या बदलतात. कोटा मोजका असतो आणि आधीच तिथे राहून काम करणाऱ्यांना बहुतेक राज्यं झुकतं माप देतात. २०२५-२६ च्या एकूण १,८५,००० जागांत राज्य नामांकनाच्या ३३,००० आणि प्रादेशिकच्या ३३,००० आहेत. ऐकायला मोठा आकडा, पण त्यात नर्स, शिक्षक, सुतार, इंजिनिअर सगळे आले, आणि बायकामुलंही त्यातच मोजतात.

मालकाने पुरस्कृत केलेला ४८२ व्हिसाही आहे. डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव स्किल्स इन डिमांड झालं आणि त्याला कोअर स्किल्स नावाची निराळी यादी लागते, ४५६ व्यवसायांची. जुन्या यादीत नाव आहे म्हणून या यादीतही असेल असं धरून चालू नका. ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर कोड टाकून स्वतः बघा. पगाराची २०२५-२६ ची किमान रेघ वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर.

बोरीबंदर

वाटाड्यांनी व्हिसाचं सांगितलं, मी धंद्याचं सांगतो. वीस वर्षं पीआरमध्ये आहे. आपली पुंजी काय? कुठल्या पेपरच्या कुठल्या डेस्कवर कोण बसलंय, कोण संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाही, कुणाला दिवाळीत शुभेच्छांचा फोन चालतो आणि कुणाला भेटवस्तूचा राग येतो. ही पुंजी विमानात चढत नाही. इंजिनिअरचा बोल्ट पुण्यात आणि पर्थमध्ये एकाच मापाचा असतो, तुमची मीडिया लिस्ट तिकडे उतरल्या दिवशी रद्दी.

प्रेसनोटवाली

बोरीबंदरकाका, अर्धं बरोबर. मी याच कोडवर ४९१ घेऊन ॲडलेडला आले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलते.

मीडिया रिलेशन्सची पुंजी जाते, खरंय. पण आपल्या धंद्याचा तेवढाच भाग धरायचा का? संकटकाळचं संवादाचं नियोजन, अंतर्गत संवाद, वार्षिक अहवाल, व्यवस्थापनाला "हे आत्ता बोलू नका" असं सांगायचं धाडस, हे सगळं बरोबर येतं. मुळाकाठची, तुमची औषध कंपनीतली तीन वर्षं इथे एजन्सीतल्या पाचांपेक्षा जास्त बोलतील. नियमनाखालच्या उद्योगात काय छापता येतं आणि काय नाही हे कळणारा माणूस इथेही हवा असतो.

एक कानावर घालते: केंद्र सरकारच्या खात्यांतल्या नोकऱ्यांना साधारणपणे ऑस्ट्रेलियन नागरिकत्व लागतं. कॅनबेरात कम्युनिकेशनच्या जाहिराती बघून हरखू नका, त्यातल्या बऱ्याच आपल्याला बंद असतात. विद्यापीठं, हॉस्पिटलं, नगर परिषदा, स्वयंसेवी संस्था, पाणी-वीज कंपन्या, हे आपलं मैदान.

आता कौशल्य मूल्यांकन, म्हणजे तुमचं शिक्षण आणि अनुभव त्या कोडला बसतो का याची तपासणी. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि याबद्दल कन्सल्टंट सगळ्यात कमी बोलतो.

आपल्या कोडचं मूल्यांकन व्हेटअसेस ही संस्था करते. ते तुमचं पद बघत नाहीत, काम बघतात. व्हिजिटिंग कार्डावर "व्हाइस प्रेसिडेंट, ब्रँड अँड रेप्युटेशन" असेल आणि दिवसभर इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचं बजेट सांभाळत असाल, तर ते मार्केटिंग स्पेशालिस्ट झालं, कोड २२५११३. आपल्या कोडच्या वर्णनात काय येतं? प्रसिद्धी मोहिमा आणि संवादाचं धोरण आखणं, संस्थेच्या निर्णयांचे जनमानसात काय पडसाद उमटतील यावर वरिष्ठांना सल्ला देणं, प्रेसनोट तयार करणं आणि ती कधी सोडायची हे ठरवणं, जनमताच्या पाहण्या करवून घेणं, कार्यक्रम आणि परिसंवाद उभे करणं, माध्यमांशी मुलाखती जुळवणं.

हे कंपनीच्या लेटरहेडवर यायला हवं, सहीशिक्क्यासह, नोकरीच्या तारखा आणि आठवड्याचे तास लिहून. आपल्या एजन्सींमधला अनुभव असा की एचआर एक ठरावीक पत्र हातात ठेवतं: "अमुक हिने तमुक काळात आमच्याकडे काम केले, तिची वर्तणूक चांगली होती." त्याचा उपयोग शून्य. माझ्या एका जुन्या एजन्सीने कामांची यादी द्यायला साफ नकार दिला, धोरणात बसत नाही म्हणून. मग मी तिथल्या त्या वेळच्या बॉसकडून शपथपत्र घेतलं आणि सोबत नेमणूकपत्र, बढतीची पत्रं आणि पगाराचे पुरावे जोडले. चाललं.

पत्राचा मसुदा स्वतःच लिहून एचआरला द्या, ते तुमचं कामच आहे. पण वर्णनातली वाक्यं उचलून चिकटवू नका. "कारखान्यातल्या अपघातानंतरचं निवेदन आणि स्थानिक पत्रकारांचे प्रश्न हाताळले" असं एक खरं वाक्य, "स्टेकहोल्डर कम्युनिकेशन राबवले" अशा पाच वाक्यांना भारी.

पगाराचे पुरावे: सॅलरी स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफचं पासबुक. दोन स्वतंत्र वाटांनी पैसे आल्याचं दिसलं की प्रश्न कमी येतात. रोख स्टायपेंडवरची इंटर्नशिप विसरा.

मुळाकाठची

बापरे, एवढं कुणी फुकट सांगेल असं वाटलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. पाच वर्षांची एजन्सी म्हणजे दोन एजन्सी आहेत आणि त्यातली एक दुसरीत विलीन झाली. तिचं पत्र कोण देणार?

आणि पब्लिक रिलेशन्स मॅनेजर, १३१११४, हा कोड घेऊ का? शेवटची दोन वर्षं हाताखाली दोघं आहेत.

प्रेसनोटवाली

विलीन झालेलीचं पत्र नव्या मालकाच्या एचआरकडून. त्यात विलीनीकरणाचा उल्लेख हवा. जमलं तर त्या वेळची बातमी किंवा कंपनी निबंधकाकडचा कागद जोडा.

मॅनेजरच्या मोहात पडू नका. तिथे विभाग चालवणं अपेक्षित असतं: बजेट, नेमणुका, धोरणाची जबाबदारी, आणि संस्थेच्या रचनेच्या तक्त्यात ते दिसणं. दोन ज्युनिअर आणि वर चार बॉस असा तक्ता पाठवलात की तो तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो.

पोळीभाजी केंद्र

कुणीतरी गुण मोजून दाखवा की. नुसती चर्चा काय!

वेरिबीचा वाटाड्या

मोजू. उंबरठा ६५ चा, पण ६५ वर अर्ज करायचं आमंत्रण येईल या भरवशावर राहू नका.

वय २५ ते ३२ ला ३० गुण, ३३ पासून २५. आमंत्रण येईल त्या दिवशीचं वय धरतात, त्यामुळे एप्रिल ही खरी तारीख आहे. पदवी किंवा पदव्युत्तर १५ (पीएचडी असती तर २०). इंग्रजी: आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ७ असतील तर १०, चारही ८ असतील तर २०. पीटीई ही दुसरी इंग्रजी परीक्षा देणार असाल तर ऑगस्ट २०२५ पासून तिचे निकष बदललेत, जुन्या क्लासच्या तक्त्यावर विसंबू नका.

अनुभव: ५ ते ७ वर्षांना १०, आठ किंवा जास्त झाले की १५. इथे एक खोच आहे. पदवीनंतरचा सुरुवातीचा काही काळ व्हेटअसेस "कुशल होण्यासाठी" म्हणून वजा करतं, गुण त्यानंतरच्या वर्षांचे. तुमचे आठ कागदावर साधारण सात होतील, म्हणजे १०. कन्सल्टंटने १५ धरले असतील, पैज.

नवऱ्याचं स्वतःचं मूल्यांकन आणि पुरेसं इंग्रजी असेल तर त्याचे १०. बेरीज: ३० + १५ + २० + १० + १० = ८५. इंग्रजी सातवर अडलं तर ७५. १९० ला राज्याचे आणखी ५, ४९१ ला आणखी १५ मिळतात.

मुळाकाठची

वाटाड्या, पैज जिंकलात. त्याने १५ च धरले होते.

गोदाकाठ

अजून पाच गुण रस्त्यात पडलेत, कुणी उचलत कसं नाही? नाटी या भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेची सीसीएल परीक्षा. तिच्यात मराठी आहे!

दोन संवाद ऐकायचे, एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आपण मधे बसून दोन्हीकडून तोंडी भाषांतर करायचं. ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. विषय रोजचे: डॉक्टर, बँक, विमा, कोर्ट, शाळा, सरकारी मदत. ऑनलाइन होते. पास झालं की ५ गुण.

आपल्याला वाटतं मातृभाषाच तर आहे, त्यात काय तयारी. मग समोरची बाई भाडेकराराची अट सलग तीस शब्दांत सांगते आणि आपण "म्हणजे, ते, डिपॉझिट..." करत बसतो. फार शुद्ध मराठी कुणी मागत नाही, डिपॉझिट चालतं. मजकूर गाळला की गुण जातात. नोंदी पटापट घ्यायची सवय करा. पत्रकार परिषदेत बसलेल्या माणसाला हे सोपं जाईल.

सरळमार्गी

सगळे फिरून फिरून तिच्याच फाईलभोवती आहेत. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे हो! कोड २३३५१२, मध्यम-दीर्घ यादीत. त्याला १८९ सुद्धा उघडा आहे. त्याला मुख्य अर्जदार करा, ताईंना सोबतचा अर्जदार. ताईंना व्हेटअसेसच्या नादी लागायचीच गरज नाही, कामाचा पूर्ण हक्क मिळतोच. विषय संपला.

मुळाकाठची

विषय एवढ्यात संपवू नका. घरीही हेच चाललंय. आठ वर्षं मी घासून काम केलं आणि फाईलवर "स्पाउस" म्हणून जायचं, हे मला आतून बोचतं. व्यवहाराचा प्रश्न विचारलाय, कबूल. पण बोचतं ते बोचतं.

प्रेसनोटवाली

बोचू दे. त्यासाठी हिशेब चुकवायचा नाही आणि हिशेबासाठी ते नाकारायचंही नाही. सरळमार्गींचं एकच दुरुस्त करते. त्यांचे १८९ चे गुण बघा: वय ३६, म्हणजे २५. पदवी १५. अनुभव मागच्या दहा वर्षांतला, आठच्या वर, १५. इंग्रजी समजा १०. जोडीदार म्हणून तुमचे दहा मिळणार नाहीत, कारण १८९ साठी जोडीदाराचा व्यवसायही त्याच यादीत लागतो आणि आपला नाही. तुमच्या चांगल्या इंग्रजीचे ५ मिळतील. झाले ७०, त्यांनीही सीसीएल दिली तर ७५. तुमची बेरीज त्यांच्याहून जास्त आहे, फक्त दार लहान आहे.

म्हणून दोन्ही फाईली. आवेदन, म्हणजे एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, टाकायला पैसे लागत नाहीत आणि दोघं वेगवेगळी टाकू शकता. त्यांचं मूल्यांकन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे. २०११-१२ ची पदवी असेल तर सीडीआर नावाचा अहवाल लिहावा लागेल, स्वतःच्या कामाचे तीन प्रसंग सविस्तर, "आम्ही" ऐवजी "मी" काय केलं ते. इंजिनिअर लोकांना हे लिहिताना घाम फुटतो. घरात पीआरवाली बायको आहे, भाग्यवान माणूस. मात्र मजकूर त्यांचाच हवा, उचललेला सीडीआर पकडला तर बंदी येते.

त्यांचं मूल्यांकन झालं की तुमच्या १९०-४९१ च्या फाईलला ते १० गुण आपोआप मिळतातच. काम एक, उपयोग दोन.

बोरीबंदर

हे पटलं. मी काही जाऊ नका म्हणत नाही, डोळे उघडे ठेवून जा म्हणतो.

रेडिंगकर

ब्रिटनचं थोडक्यात. आपला कोड २४९३, पदवी पातळीचा, त्यामुळे जुलै २०२५ मध्ये कमी कौशल्याचे व्यवसाय वगळले त्यात आपण वाचलो. पण पगार किमान ४१,७०० पौंड किंवा त्या कोडचा प्रचलित दर, जो जास्त तो. लंडनबाहेर चार-पाच वर्षं अनुभवाच्या पीआर माणसाला एवढा पगार आणि वर प्रायोजक परवाना असलेली कंपनी, दोन्ही एकत्र मिळणं अवघड. वर आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही पूर्ण मुदतीचा आधीच. तिशीच्या आतल्यांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना आहे, १८ ते ३० वय, वर्षाला ३,००० जागा, सोडतीने, दोन वर्षांसाठी. ताई वयामुळे त्यातून बाद.

मेपलपाक

कॅनडा: एनओसी (तिथला व्यवसायाचा कोड) ११२०२, जाहिरात-मार्केटिंग-पीआर एकाच टोपलीत. एक्स्प्रेस एंट्री या गुणांवरच्या योजनेत पात्र, पण आमंत्रणं हल्ली बरीचशी ठरावीक गटांना जातात: आरोग्य, बांधकाम-कारागिरी, शिक्षण, फ्रेंच. आपला पीआरचा धंदा कुठल्याच गटात नाही. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले. एकच पळवाट, फ्रेंच. त्या गटाची रेघ सर्वसाधारणपेक्षा बरीच खाली लागते, पण चारही कौशल्यांत सातवी पातळी हवी. पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे, शिकणाऱ्याला तोटा नाही, पण नोकरी आणि चार वर्षांची मुलगी सांभाळून हे किती दिवसांत होईल ते तुम्हीच ठरवा.

दुबईवाला अण्णा

अमेरिकेचं कुणी काढू नका, सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा आला. पीआरच्या पगारासाठी कोण भरणार? दुबईत या, नोकरी लवकर मिळते, पत्रकारही अर्धे आपलेच. कायमचं काही नाही हे मात्र मनाशी धरून या.

सातबारा

धाग्यात घुसतो, माफ करा. बायको राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क खात्यात आहे. शासकीय नोकरीचा अनुभव धरतात का? आणि मित्र फ्रीलान्स पीआर करतो, त्याचं काय?

प्रेसनोटवाली

धरतात की. सरकारी कागद उलट जास्त भक्कम: सेवापुस्तिका, सेवार्थच्या पगारपत्रिका, नेमणुकीचा आदेश. कामाच्या वर्णनाचं पत्र वरिष्ठांकडून इंग्रजीत घ्या. त्यात "माहिती अधिकारी" चं काम नीट उलगडलेलं असू दे, नाहीतर परदेशात बसलेला माणूस माहिती अधिकाराचे अर्ज निकाली काढणारं पद समजेल. मराठी कागदांचं अधिकृत भाषांतर लागेल. नोकरी सोडण्याआधी विभागाची परवानगी वगैरे सोपस्कार आहेत ते वेगळे.

फ्रीलान्सरला सिद्ध करणं जड, अशक्य नाही. क्लायंटची पत्रं, करार, बिलं, बँकेत आलेले पैसे, सीएचं पत्र. आणि आयकराचा फॉर्म २६एएस! क्लायंटने १९४जे खाली कापलेला टीडीएस तिथे नावानिशी दिसतो. त्याहून चांगला तिऱ्हाईत साक्षीदार मिळणार नाही. रोखीत काम करणाऱ्यांची इथे पंचाईत.

पोळीभाजी केंद्र

१९० आणि ४९१ मध्ये रोजच्या जगण्यात काय फरक? एकच ओळ.

वेरिबीचा वाटाड्या

एका ओळीत नाही बसत. १९० म्हणजे पहिल्या दिवसापासून कायम वास्तव्य, त्या राज्यात दोन वर्षं राहण्याची बांधिलकी. ४९१ पाच वर्षांचा तात्पुरता. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून कुठेही राहायचं, काम करायचं, शिकायचं. पर्थ, ॲडलेड, कॅनबेराही प्रादेशिकात मोडतात, त्यामुळे वनवास वगैरे नाही. तीन वर्षांनी तीन आर्थिक वर्षांच्या करनिर्धारणाच्या नोटिसा दाखवून १९१ व्हिसा, तो कायम. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ४९१ लाही मिळते. मधल्या तीन वर्षांत १८९-१९० वर उडी मारता येत नाही, हे मात्र सही करण्याआधी वाचा.

खर्च: मुख्य अर्जदाराची १९० ची २०२५-२६ ची फी ४,९१० डॉलर. जोडीदार आणि मुलीची वेगळी, मूल्यांकनं, परीक्षा, वैद्यकीय तपासणी वेगळी. आमंत्रण आलं की अर्जाला ६० दिवस मिळतात, म्हणजे पैसे आधीच जमवलेले हवेत.

मुळाकाठची

काल रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवलं. दोन्ही फाईली. आयईएलटीएस दोघांचं, सीसीएलही दोघांची (नवऱ्याचं मराठी चाकणच्या शॉपफ्लोअरवर तयार झालंय, कोर्टाच्या संवादात काय करेल देव जाणे). दोन्ही एजन्सींना पत्राचे मसुदे आज पाठवले. एकीकडून लगेच उत्तर आलं: "आमच्या लीगल टीमला दाखवावं लागेल."

कन्सल्टंटला फोन करून विचारलं, २२५३११ ला १८९ कुठल्या नियमाने? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार वाचता."

सरळमार्गी

त्याचा नोंदणी क्रमांक विचारलात का? ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत एजंटला सात आकडी मार्न असतो आणि तो सरकारी नोंदवहीत नावाने शोधता येतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर नोंदणीचा तो कायदा थेट चालत नाही, म्हणून नोंदणी नसलेले पुष्कळ आहेत. तक्रार करायची वेळ आली तर फरक कळतो.

मुळाकाठची

विचारला. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. लीगल टीमने पत्र अडवलं तर जुन्या बॉसच्या शपथपत्राचा नमुना मागायला परत येईन. प्रेसनोटवाली, तुमच्याकडचा नाव खोडून इथे टाकता येईल का?

प्रेसनोटवाली

शनिवारी टाकते. स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा शिक्का लागेल, बॉसना आधीच सांगून ठेवा.